तळव्यातला पंप

वाचकांचे प्रश्न आणि फिजिओथेरपिस्टची उत्तरं

मागच्या अंकात गुडघा बदलल्यानंतरच्या व्यायामांबद्दल लिहिलं होतं. त्यात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पायाला लावायच्या हवेच्या पंपाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता, पण सगळ्यात जास्त पत्रं त्या ओळीवर आली. मिरजेत हाडांच्या वॉर्डात नोकरी करताना हा पंप मी जवळून पाहिला आहे, रुग्णांच्या पायाला स्वतः बांधला आहे. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

*मॅडम, बाबा ७१ वर्षांचे आहेत. नुकतंच त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तीन-चार दिवसांपासून डावा पाय सुजलाय आणि पोटरी दुखते. बसून बसून सूज आली असेल असं वाटलं म्हणून मी प्रदर्शनातून पाय दाबायचं मशीन आणलं. पाय आत घातले की हवा भरते आणि खालून रोलर फिरतात. आई रात्री तेल लावून चोळूनही देते. मशीन रोज किती वेळ लावावं? – एक वाचक, बार्शी*

हे पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी या दादांना फोन केला. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते पत्र नव्हतं. फोनवर जे सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते. मशीन बंद, तेल चोळणं बंद, आणि आजच्या आज पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांमधलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी. त्यांनी ती करून घेतली. मांडीतल्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली, रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं.

ऑपरेशननंतरच्या दिवसांत एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, कातडी कोमट किंवा लालसर झाली, तर ती गुठळी आहे असं धरूनच चालायचं. नाही म्हणायचं काम डॉपलरचं, आपलं नाही. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. तिच्यावर दाब दिला, चोळलं, तर तुकडा सुटून वर जाऊ शकतो. तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुफ्फुसाच्या धमनीत अडकतो. मग एकाएकी दम लागतो, खोल श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कधी माणूस जागच्या जागी कोसळतो. असं काही दिसलं तर १०८ ला फोन करायचा आणि रुग्णाला चालवत न्यायचं नाही.

आपल्याकडे थोरांचे पाय चेपून देणं ही मायेची गोष्ट आहे, ती मला मोडायची नाही. पण एका पायाला नवी सूज आलेली असेल तर त्या पायाला हात लावायचा नाही. संध्याकाळी दोन्ही पावलं सारखीच सुजतात त्याची कारणं वेगळी असतात. हृदय, मूत्रपिंड, काही वेळा रक्तदाबाची गोळीसुद्धा. ती डॉक्टरांना दाखवा, पण तिथे अशी रातोरात धावपळ लागत नाही.

आणि प्रदर्शनातलं मशीन म्हणजे दवाखान्यातला डीव्हीटी पंप नव्हे (डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेतली गुठळी). दोन्हींत हवा भरते एवढंच सारखं. दवाखान्यातला पंप गुठळी होऊ नये म्हणून लावतात. गुठळी झालेली असेल, नुसती शंका असली तरी, तो पंपसुद्धा लावत नाहीत.

*ताई, आईचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले. ऑपरेशनच्या दिवसापासून दोन्ही तळपायांना चपलेसारखं काहीतरी बांधलंय, नळी पलंगाला टांगलेल्या डब्यात जाते आणि थोड्या थोड्या वेळानं फट्‌ करून हवा येते. आई म्हणते, कुणीतरी तळव्यावर चापट मारतंय. रात्री ती मला ते काढायला लावते. शेजारच्या पेशंटला मात्र पोटरीला पट्टा आहे आणि तो हळूहळू फुगतो. आमच्या आईलाच हे असं का? मावशींनी पायाखाली दोन उशा दिल्यात, त्या ठेवू का? आणि घरी जाताना हे मशीन विकत घ्यायचं का? – एक मुलगी, इचलकरंजी*

तुमचे प्रश्न मला फार आवडले, कारण तुम्ही पलंगाशी बसून नीट पाहिलंय. जरा सविस्तर सांगते.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पण त्याच्याही आधी एक पंप आहे, तो तळव्यात. पावलाच्या कमानीखाली, स्नायूंच्या थरांमध्ये, खोलवर काही शिरा आहेत. त्यांत एका वेळी मावणारं रक्त थोडंच, वीस-तीस मिलिलिटर. आपण पाऊल टेकून अंगाचं वजन त्यावर टाकलं की कमान किंचित सपाट होते, त्या शिरा ताणल्या जातात आणि रिकाम्या होतात. ते रक्त झटक्यात पोटरीच्या शिरांमध्ये फेकलं जातं.

हे नीट दाखवून दिलं ते इंग्लंडच्या नैऋत्येला टॉर्की गावातल्या टॉर्बे हॉस्पिटलच्या गार्डनर आणि फॉक्स या दोन डॉक्टरांनी, १९८३ साली. शिरेत रंगद्रव्य सोडून त्यांनी हलता एक्स-रे घेतला. माणसानं पावलावर वजन टाकलं की रंग एका उसळीत वर जाताना दिसला. यातली मोलाची गोष्ट अशी, की यासाठी स्नायू आवळावा लागत नाही. कमान ताणली गेली की पुरे. म्हणजे पाय लुळा असला, भुलीनं बधिर असला, प्लास्टरमध्ये असला, तरी बाहेरून कुणी कमान सपाट केली तर तळव्यातलं रक्त वर जाईल. आईच्या पायातली ती चप्पल नेमकं हेच करते.

चपलेच्या आत, कमानीखाली, एक छोटी पिशवी आहे. डब्यातून हवा सेकंदाच्या काही भागातच तिच्यात घुसते. दाब पाऱ्याच्या १३० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साधारण बीपीच्या वरच्या आकड्याएवढा किंवा थोडा जास्त. एक ते तीन सेकंद तो टिकतो, मग हवा सुटते. साधारण २० सेकंदांनी पुन्हा. शेजारच्या बाईंच्या पोटरीच्या पट्ट्यात दाब ४०-५० एवढाच असतो, तो दहा-बारा सेकंद हळूहळू भरतो आणि मिनिटातून एकदा. पोटरी मऊ असते, तिला सावकाश पिळावं लागतं. तळव्याला मात्र पावलाचा दणकाच लागतो. आईला चापट वाटते ती म्हणजे न टाकलेलं पाऊल आहे. आईंना एवढंच सांगून बघा. ‘मशीन तुमच्या वतीनं चालतंय’ असं सांगितलं की कितीतरी आज्ज्या मुकाट्यानं ते ठेवून घेत, हे मी पाहिलंय.

रक्त साचून राहणं हे गुठळीच्या तीन कारणांपैकी एक. शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्त घट्ट व्हायची प्रवृत्ती ही बाकीची दोन. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावानं हे त्रिकूट ओळखलं जातं. गुडघा बदलताना तिन्ही गोष्टी एकदम घडतात. माणूस पडून असतो, हाड कापलेलं असतं, आणि जखम भरायला शरीर रक्त गोठवायची तयारी वाढवतं. पंप यातल्या पहिल्या कारणावर काम करतो. जोरात वाहणाऱ्या रक्तामुळे शिरेच्या आतल्या अस्तरातून रक्तवाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइडही सुटतं, त्याचा थोडा फायदा वेगळा.

पोटरी सोडून तळव्यालाच का, याचं उत्तर साधं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरीपर्यंत बँडेज असतं, कातडी सुजलेली असते, कधी रक्त उतरून काळी-निळी झालेली असते. तिथे पट्टा नको वाटतो. पाऊल मोकळं असतं. कुठला पंप लावायचा हे सर्जन आणि दवाखान्यात काय उपलब्ध आहे यावर ठरतं. शेजारणीला मिळालं ते चांगलं आणि आईला मिळालं ते कमी, असं मनात आणू नका.

आता उशा. तळव्यातला हा पंप आपल्या गावाकडच्या हापशासारखा आहे. आत पाणी भरलं तरच पुढचा दांडा मारून काही हाती लागतं. दोन दणक्यांच्या मधल्या वेळात तळव्याच्या शिरा पुन्हा भराव्या लागतात, आणि पाय उंच टांगला तर त्या भरतच नाहीत. पंप चालू असताना पावलं हृदयाच्या पातळीला किंवा किंचित खाली असलेली बरी. मात्र सुजेसाठी पाय उंच ठेवायला सर्जननी सांगितलं असेल, तर त्यांना राउंडच्या वेळी विचारा, ‘सर, पंप चालू असताना उंच ठेवायचा का?’ बहुतेक जण दोन्हींच्या वेळा वाटून देतात. गुडघ्याच्या बरोबर खाली उशी मात्र अजिबात नको, गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग तो सरळ करताना माझ्यासारख्या फिजिओसमोर आई रडते.

रात्री काढून ठेवता, ते कृपा करून करू नका. या पत्रव्यवहारातून मला एकच गोष्ट लोकांच्या मनावर ठसवायची आहे. पंप पायात असतानाच काम करतो. औषधाची गोळी घेतली की ती बारा-चोवीस तास रक्तात राहते. पंप काढला की त्याचा परिणाम थोड्याच वेळात संपतो. छातीच्या विकारांच्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शनात दिवसातले किमान १८ तास पंप चालू असावा असं म्हटलं, आणि किती तास वापरला ते स्वतः नोंदवणारं यंत्र घ्या असंही सांगितलं. त्यांना हे लिहावं लागलं, कारण जगभरच्या वॉर्डांत पंप पलंगाला टांगलेला असतो आणि नळ्या जमिनीवर लोंबत असतात. स्पंजिंगला काढला, एक्स-रेला नेताना काढला, पुन्हा लावायचा राहिला. सिस्टरांच्या अंगावर तीस-तीस रुग्ण असतात. म्हणून घरच्या माणसानं पाहायचं. डब्यावरचा दिवा लागलाय का, हवा येतेय का, दोन्ही पाय हलतायत का.

टोचत असेल, पाय घामेजत असेल, तर आत पातळ सुती मोजा घालता येतो. गच्च आवळलेला पट्टा सैल करून घ्या, आत दोन बोटं जायला हवीत. दिवसातून दोन वेळा चप्पल काढून टाच, घोटा आणि करंगळीची बाजू बघा. लाल चट्टा दाबल्यावर पांढरा होत नसेल तर लगेच सिस्टरांना बोलवा. आईंना मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर त्यांना दुखणार नाही, म्हणून तुमच्या डोळ्यांवरच सगळं. आणि पंप लावून कुणालाही चालायला उठवू नका. नळीत पाय अडकून नवा गुडघा घेऊन पडणं याहून वाईट काही नाही. उठवायच्या आधी काढा, परत आडवं केल्यावर लावा.

विकत घ्यायचं का? तुमच्या आई वॉकर धरून दिवसातून पाच-सहा वेळा उठत असतील, तर बहुतेक वेळा नाही. त्यांचं प्रत्येक पाऊल हाच तो पंप. पण धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही, गुठळी दोन-चार आठवड्यांनंतरही होऊ शकते. म्हणून घरी जाताना रक्त पातळ करायची गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन किती दिवस घ्यायचं ते कागदावर लिहून घ्या आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडू नका.

*मॅडम, मी लातूरला स्टाफ नर्स आहे. आमच्या आयसीयूत रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचं इंजेक्शन चालू असलेल्यांनाही पंप लावायला सांगतात. दोन्ही खरंच लागतं का? – एक सिस्टर*

सिस्टर, तुमच्या प्रश्नावर अभ्यास झालाय आणि त्यात भारतातले रुग्णही होते. सौदी अरेबिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत इथल्या आयसीयूंमधल्या २,००३ रुग्णांना हेपारिन तर दिलंच, निम्म्यांना त्याच्या जोडीला पंपही लावला. २०१९ मध्ये निकाल आला. मांडीच्या मोठ्या शिरेतल्या नव्या गुठळ्या पंपवाल्यांत शेकडा ३.९, नुसत्या हेपारिनवाल्यांत ४.२. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल. इंजेक्शन व्यवस्थित चालू असताना सरसकट सगळ्यांना पंप लावून फारसं काही मिळत नाही.

पण इंजेक्शन देता येत नाही तिथे पंपाची किंमत कळते. मेंदूत रक्तस्राव झालेला, अपघातात पोटात मार लागलेला, मणक्याचं ऑपरेशन झालेला, प्लेटलेट खूप उतरलेल्या. या रुग्णांना रक्त पातळ करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. त्यांना पंप आधी, आणि रक्तस्रावाची भीती ओसरली की औषध. नुसता पंपही काय करू शकतो ते इंग्लंडमध्येच खुबा बदललेल्या रुग्णांवर दिसलं. १९९२ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात तळव्याचा पंप न लावलेल्यांपैकी शेकडा ४० जणांत एक्स-रेवर गुठळी सापडली, पंप लावलेल्यांत शेकडा ५. त्यातल्या बऱ्याच गुठळ्या लक्षणं न देणाऱ्या होत्या आणि रुग्ण शंभराच्या आतच होते, तरीही हा फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

कुणाला लावायचा नाही, ते तुमच्या वॉर्डच्या भिंतीवर लावून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. गुठळी असेल किंवा शंका असेल. पायाच्या धमन्या फार अरुंद झाल्या असतील, म्हणजे पाऊल गार आहे आणि नाडी लागत नाही. हृदय कमकुवत होऊन फुफ्फुसात पाणी भरलं असेल, कारण पायातलं रक्त वर ढकलून आपण त्या हृदयावर भार टाकतो. पायाला गँगरीन, ताजं स्किन ग्राफ्ट किंवा जंतुसंसर्ग असेल.

आणि एक विनंती. २००८ मध्ये ३२ देशांतल्या दवाखान्यांची एक मोठी पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. गुठळीचा धोका असलेल्यांपैकी जगभरात निम्म्यांना मार्गदर्शनात सांगितलेला प्रतिबंधक उपाय मिळत होता. आपल्या देशात शेकडा १७ च्या आसपास. तेव्हा औषध चालू असलेल्याला वर पंपही लावण्यापेक्षा, एकही उपाय न मिळालेला रुग्ण आपल्या वॉर्डात कोणता, हे राउंडला तुम्ही विचारलंत तर त्याचा उपयोग मोठा होईल.

*आजोबांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, ते अंथरुणावरच असतात. नातेवाईक म्हणतात पंप भाड्यानं आणा. आणावा का? – एक नात, चिपळूण*

पॅरालिसिसच्या रुग्णांवर पंपाचा सगळ्यात मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. २,८७६ रुग्ण, ९४ दवाखाने, निकाल २०१३ मध्ये. मांडीपर्यंतच्या पट्ट्यांनी गुठळ्यांचं प्रमाण शेकडा १२.१ वरून ८.५ वर आलं. त्याच गटानं त्याआधी, २००९ मध्ये, लांब घट्ट मोज्यांचा अभ्यास केला होता. मोज्यांनी फायदा झाला नाही, उलट कातडीला फोड आणि जखमा झाल्या. म्हणून पॅरालिसिसच्या रुग्णाला कुणी मोजे आणायला सांगितले तर एकदा पुन्हा विचारा.

पण पंपाचा तो अभ्यास झटका येऊन दाखल झाल्यापासून पहिल्या तीन दिवसांत निवडलेल्यांवर होता आणि पंप जास्तीत जास्त तीस दिवस. तुमच्या आजोबांना दोन वर्षं झाली. त्यांच्यासाठी पंप भाड्यानं आणावा असं मी म्हणणार नाही. त्याच पैशांत महिनाभर फिजिओ घरी येऊन त्यांना पलंगाच्या कडेला बसवू दे, पावलं जमिनीला टेकवू दे, शक्य झालं तर धरून उभं करू दे. लुळ्या पायावर वजन आलं तरी कमान ताणली जाते, हे वर वाचलंतच. ते पुन्हा तापानं किंवा न्यूमोनियानं दवाखान्यात गेले, तर तिथे मात्र डॉक्टरांना गुठळीबद्दल आवर्जून विचारा. आणि पंपवाल्यांतही कातडीला इजा झालेले शेकडा ३ होते, न लावलेल्यांत १. आजोबांची कातडी आता कागदासारखी झालेली असणार, एवढ्यासाठी सांगितलं.

*मुलाकडे न्यू जर्सीला निघालोय. वय ६८, पायाला व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) आहेत. प्रवासासाठी बॅटरीवरचा पंप घ्यावा का? – एक वाचक, डोंबिवली*

पंप नको. चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात गुठळीचा धोका साधारण दुपटीनं वाढतो, पण मुळात तो कमी असतो. व्हेरिकोज व्हेन्स आहेत म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि गुडघ्याखालचे दाबाचे मोजे मापानं घ्या, अंदाजानं नाही. आधी कधी गुठळी झाली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा महिन्याभरात ऑपरेशन झालं असेल तर त्यांना ते स्पष्ट सांगा, मग कदाचित औषधही देतील. नुसत्या प्रवासासाठी आपल्या मनानं अॅस्पिरिन घेऊ नका.

कडेची जागा मागून घ्या. बसल्या बसल्या टाचा उचला, मग चवडे उचला. अधूनमधून तळवे जमिनीवर दाबून धरा. जागे असाल तेव्हा दर तासा-दीड तासानं उठून गल्लीत एक चक्कर मारा. झोपेची गोळी घेऊन सोळा तास एका कुशीवर पडू नका. मोजे विमानतळावर चढवायचे नाहीत. घरी सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घाला, तेव्हा पाय सुजलेला नसतो, आणि वरची कड दुमडून ठेवू नका, ती दोरीसारखी आवळते.